लॉबीतल्या पडद्यावर माझी आई

हॉल हसत होता. पुढच्या सोफ्यांवरचे पाहुणे, मागे खुर्च्यांच्या पाठीवर चढून बसलेली पोरं, प्रोजेक्टरपाशी उभा असलेला टेक्निशियन, सगळे. मी स्टेजच्या कडेला माइक धरून उभी होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

पडद्यावर एक बाई. जाडजूड. हिरवं लुगडं, काष्टा मारलेला, डोक्यावर पाटी, पाटीभोवती घोंघावणाऱ्या माश्या. तोंडात दोनच दात दाखवलेले. ती एका सोसायटीच्या गेटातून आत शिरायला बघायची आणि खेळणाऱ्याने तिला बाहेर हाकलायचं. कशाने? रूम फ्रेशनरने. एक फवारा बसला की बाई एक पाऊल मागे जायची आणि ओरडायची, "मावरा आयलाय गो, मावरा! निवट्या आयल्यान, चिंबोऱ्या आयल्यान!"

आवाज माझ्या आईचा होता.

तिच्यासारखा नाही. तिचाच. निवट्या म्हणताना तो जरा फाटतो आणि चिंबोऱ्यांना पुन्हा वर चढतो. जन्मल्यापासून ऐकतेय. झोपेत कानावर पडला तरी ओळखीन.

शेवटचा फवारा बसला. बाई गुडघ्यावर आली, पाटी कलंडली, मासे रस्त्यावर सांडले. आणि स्पीकरमधून आलं, "आय गो... पाय माझं."

हे ती कुणाला ऐकवायला म्हणत नाही. सकाळी पाटी डोक्यावरून उतरवून खाली बसताना तिचा गुडघा धरतो, तेव्हा तोंडातून जातं. दबक्या आवाजात. शेजारच्याला पण जेमतेम ऐकू येईल इतपत. म्हणजे कुणीतरी मोबाइल अगदी तिच्याजवळ धरला असणार. आणि बाई मरताना काढते तो आवाज म्हणून त्यांनी ते लावलं होतं.

हॉल सगळ्यात जास्त तेव्हाच हसला. मागून कुणीतरी शिटी मारली. "वन्स मोर! वन्स मोर!" त्यांनी केलं की वन्स मोर. बाई पुन्हा गेटाशी आली, पुन्हा मेली.

मी माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाले, "थँक यू, टीम. पुढच्या टीमने स्टेजवर यावं."

तुम्हाला वाटेल मला राग आला असेल. नाही आला. काहीच नाही आलं. इंजेक्शन देऊन दाढ काढतात तेव्हा ओढ कळते, दुखत नाही, तसं. पुढच्या टीमची नावं मी वाचली. नीट वाचली. एक गुजराती आडनाव होतं अवघड, ते पण बरोबर उच्चारलं.

हे सगळं काय होतं ते आता सांगते.

आमच्या विद्यापीठात गेम बनवायची स्पर्धा होती. शनिवारी सकाळी एक विषय जाहीर करायचा. टीमने त्या विषयावर व्हिडिओ गेम बनवायचा, अगदी पहिल्या चित्रापासून. रविवारी दुपारी सगळ्यांसमोर खेळून दाखवायचा. बाकी ठिकाणी पोरं जागून करतात, आमच्याकडे सातला गेट बंद, त्यामुळे दिवसाउजेडी जेवढं होईल तेवढं.

ही स्पर्धा मी आणि नीलमने उभी केली. नीलम माझ्या वर्गातली, कामोठ्याला राहते. मूळचे साताऱ्याकडचे, वडील मार्केटात माथाडी. आमच्या आधी विद्यापीठात असलं काही झालं नव्हतं. लॅब मिळवायला किती चपला झिजवल्या ते आमचं आम्हाला माहीत. एक साहेब म्हणायचे गेम म्हणजे जुगार का. दुसरे म्हणायचे वीजबिल वाढेल. एक्स्टेन्शन बोर्ड आम्ही मंडळाकडून मागून आणले, गणपतीतले. वडापाव सांगितले, चहाचा थर्मास सांगितला, पोस्टर स्वतः काढली. विषय पण आमचाच. 'आत-बाहेर'. नीलमला सुचला, मला आवडला.

नियम मी लिहिले. त्यात एक नियम होता. या स्पर्धांची सगळीकडे रीतच आहे ती, मी काही शोधून नाही काढली. जे चित्र तुमचं नाही, जी धून तुमची नाही, जो आवाज तुमचा नाही, तो ज्याचा आहे त्याला विचारायचं. आणि खेळ संपल्यावर शेवटी त्याचं नाव दाखवायचं. पोरं एवढंसं दार उघडल्याचा आवाज वापरतात आणि इमानदारीत लिहितात, अमक्या देशातल्या अमक्याकडून साभार. मला या कामातली हीच गोष्ट सगळ्यात आवडायची. कुणी कुणाचं फुकट उचलत नाही.

आईच्या आवाजाखाली त्या टीमने काय लिहिलं होतं? 'स्ट्रीट नॉइज.' रस्त्यावरचा आवाज.

आम्ही करावे गावचे. बाप खाडीत मासे धरायला जातो, आई मावरं विकते. तिची जागा ठरलेली आहे, सीवूड्सच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटाबाहेर, पिंपळाखाली. करावेतल्या प्रत्येक विकणारीची जागा ठरलेली असते आणि हाक पण. दुसरीची हाक कुणी मारत नाही. मारायचीच नाही. मागे आई तापाने पडली तेव्हा काकी तिच्या जागेवर जाऊन बसली. काकीने स्वतःचीच हाक मारली. आईची तिला येत नव्हती असं नाही, एवढी वर्षं शेजारी राहतात. पण मारली नाही. गिऱ्हाईक खाली उतरलं नाही, अर्धी पाटी परत आली. काकीने ते मावरं मीठ लावून सुकत घातलं आणि वर आईलाच बोलली, "तुझी गिरायका तुझ्या नरड्याची हायत गो." आमच्यात हे असं आहे. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आहे.

त्या टीमचा म्होरक्या ईशान. त्याच सोसायटीत राहतो. आमच्याच विभागात, एक वर्ष पुढे. हुशार पोरगा. खोटं कशाला बोलू, त्याचं काम चांगलं असतं. त्याच्या घरी मावरं माझ्या आईकडूनच जातं. हे मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं. त्याला कोण सांगणार आणि तो कशाला विचारणार?

सगळ्या टीम झाल्या. निकालाआधी चहा होता. पाहुणे चहाला गेले आणि मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. स्पर्धेला परवानगी त्यांनीच मिळवून दिलेली, तेवढं श्रेय त्यांना आहे. माझ्याशी बऱ्या वागायच्या. 'आमची भूमिकन्या' म्हणून पाहुण्यांना ओळख करून द्यायच्या. माझं ॲडमिशन प्रकल्पग्रस्तांच्या जागेवरचं आहे ना. जमीन गेली आमची, जागा मिळाली मला, आणि कौतुक त्यांचं. असो.

मी म्हणाले, "मॅडम, त्या गेटाच्या गेममध्ये आवाज न विचारता घेतलाय. नियमात बसत नाही."

"कुठला आवाज?"

"मासेवालीचा."

"अगं, तो रस्त्यावरचा आवाज आहे. रस्त्यावरच्या आवाजाचा कोण मालक असतो?"

"माझी आई आहे ती."

मॅडमने कप बशीत ठेवला. इकडे तिकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून एकदम खालच्या पट्टीत म्हणाल्या, "कुणाला बोललीस का हे?"

"नाही."

"मग बोलू पण नकोस. तुझंच हसू होईल. मी तुझ्या चांगल्यासाठी सांगतेय, बाळा. गेम आहे. स्पोर्टिंगली घ्यायचं. परीक्षकांना प्रचंड आवडलाय. पहिला त्यांचाच येतोय, आणि पहिला नंबर लॉबीत लागणार, तुला माहितीय."

माहीत होतं. पहिल्या नंबरचा गेम वर्षभर मुख्य इमारतीच्या लॉबीत मोठ्या पडद्यावर चालू ठेवायचा. येणारी जाणारी पोरं खेळतील, पालक बघतील. ही कल्पना पण माझीच. घ्या! मीच पडदा मागितला होता, मीच अर्ज केला होता, मीच पाठपुरावा केला होता. आता तिथे माझी आई वर्षभर रोज मरणार होती.

ईशान बाहेर चहा पीत होता. त्याला पण सांगितलं. म्हटलं, मॅडम नाही तर हा तरी. तो खरंच वरमला. म्हणाला, "अरे यार. सॉरी यार. मला काय माहीत ती तुझी मम्मी आहे? आधी सांगायचं ना."

"दुसऱ्या कुणाची असती तर?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या कुणाची आई असती तर चाललं असतं?"

तो हसला. कसनुसं. "कॅरेक्टर आहे ते. कोणाची आई वगैरे नाही. आणि बघ ना, सगळ्यांना किती आवडली ती."

"आवाज काढ."

"आता? आता फायनल गेम सबमिट झालाय. आवाजावरच तर सगळी मजा आहे."

बस. गाढवापुढे वाचली गीता. मी हॉलमध्ये परत आले. पाय चालत होते, मी चालत नव्हते असं वाटत होतं. नीलम खुर्च्या सरळ करत होती. तिला सांगितलं. ती मटकन खुर्चीवर बसली. "काय सांगतीस? तुझी आई? ती मरताना ओरडती ती?" मी मान हलवली. तिच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या नाही आलं.

तिसरा नंबर मी जाहीर केला. टाळ्या. दुसरा जाहीर केला. टाळ्या. पहिल्याचा कागद माझ्या हातात होता. पाहुणे ट्रॉफी धरून उभे. परीक्षक गेम कंपनीतले, शहरातून आलेले, ते मधल्या जागेत सरकले, फोटोसाठी. समोर ईशानची टीम उठून उभीच राहिली होती, उतावळी.

मी ठरवून काही केलं नाही. भाषण बिषण तयार नव्हतं. तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं.

मी म्हणाले, "पहिला नंबर मी जाहीर करणार नाही. त्या गेममध्ये जो आवाज आहे तो माझ्या आईचा आहे. ती करावेला राहते. रोज सकाळी सीवूड्सला मावरं विकते. तिला कुणी विचारलं नाही. आपल्या नियमात विचारायचं आहे. शेवटी जो आवाज येतो, ज्याला तुम्ही वन्स मोर दिला, तो तिचा गुडघा दुखतो तेव्हाचा आहे."

हॉल गप्प झाला असं लिहायला बरं वाटलं असतं. झाला नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं. एकाला वाटलं हा पण गेमचाच भाग आहे, त्याने टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्यांनी वाजवल्या. मी उभी.

मॅडम भराभर स्टेजवर आल्या. माझ्या हातातून माइक घेतला. ओढला नाही, घेतला, हसत हसत, पाहुण्यांना दिसेल असा. म्हणाल्या, "आमची मुलं फार इमोशनल आहेत." आणि माइक नीलमच्या हातात दिला.

नीलमने माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे. मग वाचलं.

नंतर ती मला बाहेर पायऱ्यांवर भेटली. "शिव्या घाल मला," म्हणाली. "आप्पांस्नी कळलं मी भांडले तर उद्याच लग्न ठरवतील. मला जमलं न्हाई गं." मी तिला शिव्या घातल्या नाहीत. तिचं खरं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण तिचं पण कुठेतरी जळतच होतं, वेगळ्या जागी.

घरी आले तेव्हा आई ओटीवर जवळा निवडत बसलेली. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झाला?"

न सांगून चाललं असतं. सांगावं की नाही हे मी रस्ताभर ठरवत होते. पण म्हटलं आवाज तिचा, तिलाच ठाऊक नाही आणि अख्ख्या विद्यापीठाला ठाऊक, हे कसं? सांगितलं.

"दाव मना," ती म्हणाली.

माझ्या लॅपटॉपवर सगळ्या टीमचे गेम होते. लावला. तिने हात पदराला पुसले आणि पुढे वाकून बघायला लागली. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा ती चक्क हसली. "माझाच हाय की!" म्हणाली. पोरीसारखी. मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो बघितल्यावर हसते ना, तशी.

मग फवारे सुरू झाले.

"तिला मारतान कशाला?"

"ती गेटात शिरते म्हणून."

बाई पडली. आय गो, पाय माझं. आईने स्वतःचा गुडघा धरला, नकळत. मग म्हणाली, "मी कवा शिरले गेटान?"

मी गेम थांबवला.

"बाहेरच बसतंय ना मी. एवढी वर्सा झाली. पानी प्यायला पन आत नाय गेले. वॉचमनला विचार."

"माहितीय मला."

"मंग कशाला मारतान?"

मी लॅपटॉप बंद केला. ती उरलेला जवळा निवडत बसली. तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. राग म्हणा, शरम म्हणा. शरम तिची नाही. त्या हॉलची शरम, आणि मी तिथे नावं नीट वाचत उभी राहिले त्याची. पण तेवढंच. परत सगळं बधिर.

दुसऱ्या दिवशी ती गेली विकायला. जाणारच. मावरं थोडंच थांबतं? पुढचे काही दिवस पाटी अर्धी परत यायला लागली. मला वाटलं बाजार मंदा असेल. मग काकीने सांगितलं, "तुझी आय हाक नाय मारीत. गप बसते निसती. लोकांना कसा कलनार आयली का नाय ती?"

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मारायला जाते. पन तोंड उघडला का मना त्योच ऐकू येतो. पडद्यावरचा. वर सगल्या खिडक्यांशी लोका उभी राहून हसतान असा वाटतो." मग मलाच समजावायला लागली. "तू टेन्शन नको घेव. येईल परत. आवाज काय, जातो कुठं?"

अजून आलेला नाही.

लॉबीत पडदा लागला. मोठा. खाली खेळायला दोन कंट्रोलर. मी पहिल्या लेक्चरला जाताना बघितलं, पोरांनी गराडा घातलेला. आय गो, पाय माझं. आय गो, पाय माझं. काही पोरं तर कॅन्टीनमध्ये तसं म्हणून खुर्चीत बसायला लागली. फॅशनच झाली. एक मुलगी लिफ्टमध्ये मैत्रिणीला म्हणत होती तसं, मी मागे उभी. तिचं तिलाच माहीत नाही ती कोणाची नक्कल करतेय.

मी लॉबीत गेले आणि पडद्याचा प्लग काढला. पोरं ओरडली. मी निघून गेले. दुपारी बघितलं तर चालू. परत काढला. दुसऱ्या दिवशी काढला. तिसऱ्या दिवशी प्लगला पत्र्याची पेटी बसवली होती, कुलूपवाली. एका आवाजाला माझ्या आईची परवानगी घ्यायला यांना वेळ नव्हता. कुलूप लावायला बरोबर वेळ मिळाला.

मग मला शिस्तपालन समितीसमोर बोलावलं. तीन खुर्च्या. मध्ये मोठे साहेब, एका बाजूला मॅडम, एका बाजूला कुणीतरी मी न पाहिलेले. टेबलावर काजूची बशी. मला वाटलं होतं झापतील. झापणार असते तर बरं होतं. गोड बोलले.

साहेब म्हणाले, "आम्हाला तुझ्या भावना समजतात. म्हणून आम्ही एक छान विचार केलाय."

छान विचार काय, तर वार्षिक दिनाला माझ्या आईचा सत्कार. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. 'विजेत्या खेळामागची प्रेरणा' म्हणून. कुलगुरूंच्या हस्ते. पेपरात फोटो.

मॅडम खूश होत्या. "आईंना पारंपरिक वेशात आण हं. ते हिरवं लुगडं, दागिने, केसात अबोली. किती गोड दिसेल. आणि एकदा स्टेजवरून ती हाक मारून दाखवतील ना? मुलांना फार आवडेल."

मॅडमना खरंच वाटत होतं की त्या चांगलं करतायत. तेच तर. शिव्या दिल्या की परत देता येतात. शाल अंगावर टाकली की काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर फोटो.

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. टाइप केलेला. माझ्या वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा विद्यापीठाच्या मालमत्तेला हात लावणार नाही, असं. "ही फक्त फॉर्मॅलिटी. सही कर. कॅम्पस प्लेसमेंट तोंडावर आलंय, तुझं नाव आम्हाला अडवायचं नाहीये."

म्हणजे नाव अडवणार. कळलं. मला नोकरी हवी आहे, खोटं नाही बोलत. गेम बनवायची नोकरी. ते सोडून मला दुसरं काही नीट येत नाही आणि करायचं पण नाही. आईचा गुडघा ऑपरेशनला आलाय. घरात पगाराची नोकरी आजवर कुणाला लागलेली नाही. हे सगळं त्या कागदाच्या शेजारी बसलं होतं.

मी म्हणाले, "आईला विचारून सांगते." सत्काराचं. कारण तो तिचा होता. तिच्या वतीने नाही म्हणायचा मला काय हक्क? न विचारता घेणारे हे, न विचारता नाकारणारी मी, मग फरक काय राहिला?

आईला विचारलं. शाल म्हटल्यावर तिने विचारलं, "कसली शाल?" मग हाक मारून दाखवायचं सांगितलं. ती चुलीपुढे बसलेली, तवा उतरवला.

"मी हाक मारतंय ती इकायला," म्हणाली. "दावायला नाय."

आणि मग म्हणाली, "तू सही कर पन. तुझा नुकसान नको. माझा काय, मी बशीन गप."

हे मी पुढच्या मीटिंगला जाईपर्यंत डोक्यात घोळवत होते. मी बशीन गप. तिला वाटत होतं ती मला मोकळं करतेय. माझ्यासाठी ती जन्मभर गप बसायला तयार होती, पिंपळाखाली, मावरं घेऊन. त्या मीटिंगला जाताना माझं बधिरपण उतरलं. दाढेची गुंगी उतरते तसं, आणि मग असं ठणकायला लागलं की विचारू नका.

मी त्यांना सांगितलं, "आई येणार नाही. तिला शाल नको. तुमच्या गेममुळे तिने हाक मारायची बंद केली आहे. तुम्ही आधी तिला गप केलंत, आता स्टेजवर आणून बोलायला लावताय."

मॅडम म्हणाल्या, "असं टोकाचं बोलू नये गं. आम्ही किती सन्मानाने..."

"सन्मान नको, मॅडम. आवाज काढा. गेम ठेवा, नंबर ठेवा, ट्रॉफी ठेवा. आवाज काढा आणि ज्या बाईला न विचारता घेतला तिच्या घरी जाऊन सांगा की चुकलं. करावे लांब नाही. चालत जाता येतं."

साहेब हसले. "विद्यापीठ घरी जाऊन माफी मागेल?"

"हो."

"आणि तू? तुझी माफी?"

मी कागद परत सरकवला. सही केली नव्हती. फाडला पण नाही. फाडल्यावर म्हणाले असते इमोशनल आहे.

त्यांनी माझं नाव प्लेसमेंटमधून काढलं. नोटीस बोर्डवर यादी लागली, त्यात माझं नाव नाही. नीलमचं आहे. तिला चांगली कंपनी मिळो, मनापासून सांगते.

प्लगला आता हात लागत नाही. म्हणून मी रोज लेक्चर सुटलं की लॉबीत जाते आणि पडद्यासमोर उभी राहते. पडद्याकडे पाठ करून. कुणी खेळायला आलं की त्याच्या डोळ्यात बघून सांगते, "हा आवाज माझ्या आईचा आहे. न विचारता घेतलाय." एवढंच. काही हसतात. काही बाजूने वाकून खेळतात. परवा एका पोराने कंट्रोलर खाली ठेवला आणि काही न बोलता गेला. ईशान आता त्या बाजूने येत नाही, मागच्या जिन्याने जातो. सिक्युरिटीवाले मला दोनदा उचलून बाहेर ठेवून आले. मी परत आत आले. ओळखपत्र आहे माझ्याकडे, अजून तरी.

उद्या ते पण काढून घेतील. घेऊ देत. निकाल राखून ठेवतील. ठेवू देत. घाबरले नाही असं नाही. पण मी गप बसणार नाही, आणि आईला माझ्यापायी गप बसू देणार नाही. तो आवाज त्या पडद्यावरून काढा. तिच्या दारात येऊन सांगा. मग मी हटेन. त्याआधी नाही.